माथेरान : दस्तुरीपासून शार्लट तलावापर्यंत सावलीतली सोपी वाट

निवांत वाटसरू (धागाकर्ता)

माथेरानला जाऊन आलो असे कोणी सांगितले की ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : किती पॉइंट झाले? पहिल्या तीन-चार खेपांना मीही सकाळी निघून संध्याकाळपर्यंत जितके जमतील तितके कडे गाठत असे आणि रात्री पाय शेकत बसत असे. गेली काही वर्षे मात्र मी तिथे एकाच जागेसाठी जातो. दस्तुरी नाक्यावर उतरायचे, रानातून चालत शार्लट तलावापर्यंत जायचे, दोन तास पाण्याकाठी बसायचे आणि संध्याकाळच्या आत परत फिरायचे. ज्यांना गड चढायचा नाही, दोराच्या आधाराने कडा उतरायचा नाही, पण एक दिवस झाडांखालून चालायचे आहे, अशांसाठी मुंबई-ठाणे-पुण्याजवळ यापेक्षा चांगली वाट मला तरी ठाऊक नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

वाट सोपी आहे याचे मुख्य कारण माथेरानचा आकार. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचे हे एक लांबट पठार आहे, आणि वर चढण्याचे सगळे कष्ट नेरळहून दस्तुरीपर्यंतच्या घाटात टॅक्सीच घेते. दस्तुरीला वाहने थांबतात. तिथून पुढे खासगी मोटारी आणि दुचाकी यांना मनाई आहे. नाक्यावर नगर परिषदेचा प्रवेश कर भरला की समोर तांबड्या मातीची रुंद वाट लागते आणि लगेच डोक्यावर झाडे मिटतात. बाजारपेठ येथून तीन किलोमीटरच्या आत आहे आणि बाजारापासून नैर्ऋत्येकडे तलाव साधारण दोन किलोमीटर. म्हणजे जाताना पाच, येताना पाच. चढउतार आहेत, परंतु दम लागावा असा चढ जवळजवळ नाही. बाजाराकडून तलावाकडे जाताना वाट हळूहळू उतरते, त्यामुळे परतीच्या वेळी तेवढा भाग थोडा जाणवतो.

सावलीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हीच या वाटेची खरी श्रीमंती आहे. मार्चअखेर नेरळच्या पायथ्याचे रान पाहिले तर साग उघडे पडलेले असतात आणि डोंगराचा उतार तपकिरी दिसतो. त्याच दिवशी वर पठारावर जांभूळ, हिरडा, अंजनी, आंबा यांच्या दाट पानांखाली ऊन जमिनीवर नाण्याएवढ्या ठिपक्यांनी पडते. 'माथ्यावरचे रान' ही माथेरान या नावाची सांगितली जाणारी फोड त्या वेळी अक्षरशः पटते. झाडे उंच नाहीत. वाऱ्याने वाकलेली, गाठाळ, खोडावर हिरवट-करड्या दगडफुलाचे चकते असलेली ही झाडे आहेत. वाटेवरच्या मातीत त्यांची मुळे उघडी पडून बोटांसारखी पसरलेली दिसतात आणि चालताना पाय त्यांच्यावर अडखळू नये एवढेच बघावे लागते.

बाजार लवकर मागे टाकावा. चिक्की, चपला, कमरेचे पट्टे घेण्यासाठी परतताना वेळ असतोच. बाजार संपला की जुन्या बंगल्यांची कुंपणे लागतात, त्यानंतर घोड्यांची ये-जा विरळ होते आणि मग एका वळणावर झाडांच्या खोडांमधून पाण्याचा पट्टा दिसतो.

हा तलाव निसर्गाने केलेला नाही. घळीच्या तोंडाशी बांध घालून इंग्रजी अमदानीत हे पाणी अडवले, आणि ते गावाला पिण्यासाठी अडवले. पाणी फार मोठे नाही. एका काठाला उभे राहून दुसऱ्या काठाचे झाड ओळखता येते. तिन्ही बाजूंनी रान पाण्यापर्यंत उतरलेले आहे. काठालाच पिसारनाथ महादेवाचे मंदिर आहे. हे माथेरानचे ग्रामदैवत. बांधाच्या पलीकडे दरी सुरू होते, आणि जवळच एको पॉइंट व लुईझा पॉइंट आहेत. पण माझे ऐकणार असाल तर पहिल्या तासाला तिकडे जाऊ नका. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मी सकाळी साडेआठला पोहोचलो, तेव्हा काठावर मंदिरात निघालेले दोन गावकरी आणि मी, एवढेच होतो. पाण्याशी जांभ्याचे भोकाभोकांचे दगड होते. त्या भोकांतले पावसाळी शेवाळ वरच्या बाजूला वाळून करडे झाले होते आणि पाण्याजवळच्या बोटभर पट्ट्यात अजून हिरवे होते. समोरच्या वाकलेल्या फांदीवर एक खंड्या बसला होता. तो तीन वेळा पाण्यात झेपावला आणि तिन्ही वेळा त्याच फांदीवर परतला. इतके लक्ष देऊन मी एखादा पक्षी पॉइंट पालथे घालण्याच्या दिवसांत कधी पाहिला नव्हता.

शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी आणि मे महिना टाळावा. त्या दिवसांत काठावर भुट्टा-भेळेच्या गाड्यांभोवती गर्दी असते आणि घोड्यांची रांग लागते. आठवड्याच्या मधला दिवस, पहिली कर्जत लोकल आणि नेरळ स्टेशनाबाहेरची शेअर टॅक्सी, असे जमवले तर नऊच्या आधी दस्तुरी गाठता येते.

कोणाचे काही प्रश्न असतील तर जरूर विचारावेत, आणि ज्यांनी ही वाट वेगळ्या ऋतूत केली आहे त्यांनी भर घालावी.

ठाणेकर

उत्तम माहिती. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. गुडघा दुखतो, पण काठी घेऊन सपाटीवर दोन-तीन किलोमीटर ते रोज चालतात. दहा किलोमीटर त्यांना झेपणार नाहीत. घोड्यावर बसण्याची त्यांची तयारी नाही. त्यांना तलावापर्यंत नेण्याचा काही मार्ग आहे का?

निवांत वाटसरू

ठाणेकर, नक्की आहे. दस्तुरीजवळच अमन लॉज हे छोट्या गाडीचे स्थानक आहे. तिथून माथेरान स्थानकापर्यंत शटल गाडी धावते आणि माथेरान स्थानक भर बाजारात आहे. म्हणजे दस्तुरी ते बाजार हा टप्पा गाडीने जाईल. २०२२ च्या अखेरीस सुरू झालेल्या ई-रिक्षाही या टप्प्यावर चालतात. गाडीच्या वेळा आणि तिकीट खिडकी उघडण्याची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा, कारण गर्दीच्या दिवशी तिकिटे लवकर संपतात. मग तुमच्या वडिलांना जाताना दोन आणि येताना दोन किलोमीटरच चालावे लागेल. येताना चढ आहे, तेव्हा मध्ये दोनदा बसण्याची सवड ठेवा.

ही नेरळ-माथेरान गाडी सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधली आणि ती १९०७ मध्ये सुरू झाली. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट आहे. नेरळपासून पूर्ण प्रवास करायचा असेल तर वेळ खूप जातो आणि पावसाळ्यात घाटातली गाडी बंद असते, मात्र वरची शटल त्या काळातही चालवली जाते. बरेच लोक रुळांच्या कडेने चालत बाजार गाठतात. तिथे सावली छान आहे, हे खरे, पण गाडी वळणावरून अचानक समोर येते. लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील तर मातीची वाटच धरावी.

करवंदी

वनस्पतींची आवड असल्यामुळे थोडी भर घालते. या वाटेवरची सावली वर्षभर टिकते, कारण पठारावरचे रान निमसदाहरित आहे. पायथ्याच्या पानगळीच्या रानाप्रमाणे ते एकदम उघडे पडत नाही. जून पाने एकेक करून गळतात आणि नवी येत राहतात.

ज्या झाडासाठी मी ही वाट पुन्हा पुन्हा चालते ते म्हणजे अंजनी. मराठीत अंजन नावाचे जे दुसरे झाड आहे, खानदेश-विदर्भातल्या कोरड्या टेकड्यांवरचे, जुळ्या पानांचे, त्याच्याशी हिचा संबंध नाही. नावांतल्या सारखेपणामुळे पुष्कळांची गफलत होते. माथेरानची अंजनी लहान चणीची असते. पाने जाड, चकचकीत आणि चामड्यासारखी असतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान एके दिवशी अचानक तिच्या फांद्या निळ्या-जांभळ्या होतात. फुले पानांच्या टोकाशी नसतात. ती थेट फांदीच्या लाकडाला चिकटून गुच्छांनी येतात, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला फांदीलाच रंग दिल्यासारखे वाटते. जवळ गेल्यावर एकेक फूल तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, आणि त्यातून बाहेर आलेले नाजूक निळे पुंकेसर दिसतात. फुलोरा फार दिवस टिकत नाही. आठवडाभरात वाटेवरच्या तांबड्या मातीवर निळा सडा पडतो.

एक विनंती आहे. झाडांवरच्या आमरी (ऑर्किड) कृपा करून काढू नयेत. घरी कुंडीत लावण्यासाठी म्हणून फांदीसकट तोडून नेलेली आमरी मी स्वतः एका पर्यटकाच्या पिशवीत पाहिली आहे. ती घरी जगत नाही, आणि ज्या खोडावरून ती काढली तिथे पुन्हा यायला फार वर्षे लागतात.

पनवेलचा पांथस्थ

आम्ही पनवेलकर धोदाणी गावातून पायी चढून सनसेट पॉइंटच्या बाजूला वर येतो. तीही वाट रानातूनच आहे, नाका आणि टॅक्सी दोन्ही टळतात. तुम्ही तिचा उल्लेख का केला नाही?

निवांत वाटसरू

पांथस्थ, धोदाणीची वाट मी दोनदा चढलो आहे आणि ती मला आवडते. स्थानिक लोक पिढ्यान्‌पिढ्या तिचा वापर करत आले आहेत. भाजी आणि दूध घेऊन पायथ्याच्या वाड्यांमधून वर येणाऱ्या बाया ती वाट आपल्या निम्म्या वेळात चढतात. परंतु ती सोपी म्हणता येणार नाही. सलग चढ आहे, बराचसा भाग उन्हात आहे आणि उतरताना घसरडी माती लागते. हा धागा ज्यांना चढ नको आहे त्यांच्यासाठी काढला, म्हणून ती वगळली. चढायची सवय असलेल्यांनी धोदाणीने वर येऊन, तलावावर थांबून, दस्तुरीमार्गे नेरळला उतरावे. हा बेत फार सुंदर होतो. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून या पठारावर चढले आणि त्यानंतर माथेरान थंड हवेचे ठिकाण म्हणून वसले. म्हणजे माथेरानच्या अर्वाचीन इतिहासाची सुरुवातही पायी चढूनच झाली आहे.

दख्खनी दगड

भूशास्त्राचा विद्यार्थी म्हणून तलावाबद्दल एक गोष्ट सांगाविशी वाटते. माथेरानवर पाऊस प्रचंड पडतो. मग अशा ठिकाणी पिण्याच्या पाण्यासाठी बांध घालण्याची गरज का पडावी, असा प्रश्न मला पहिल्यांदा तलाव पाहिला तेव्हा पडला होता.

उत्तर पायाखालीच आहे. हे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचे, म्हणजे काळ्या बेसॉल्टचे आहे, पण त्याच्या माथ्यावर जांभ्याची टोपी आहे. बेसॉल्ट उष्ण-दमट हवेत दीर्घकाळ कुजत राहिला, त्यातली विरघळणारी द्रव्ये पावसाबरोबर निघून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले आणि जांभा तयार झाला. वाटेवरच्या मातीचा तांबडा रंग याच लोहाचा आहे. निवांत वाटसरू यांनी वर्णन केलेली दगडातली भोके जांभ्याच्या अंगभूत सच्छिद्रपणाची आहेत. अशा दगडावर पडलेले पाणी साचत नाही. ते आत झिरपते, खालच्या चिकण थराला टेकते आणि पठाराच्या कडेला झरे होऊन बाहेर पडते. पावसाळ्यानंतर काही महिने हे झरे चांगले वाहतात आणि उन्हाळ्यात आटत जातात. गावात माणसे जास्तीत जास्त येतात तीही नेमकी उन्हाळ्यात. म्हणून घळीत पाणी अडवून ठेवावे लागले. आता नेरळच्या बाजूने उल्हास नदीचे पाणीही पंपाने वर चढवले जाते.

आपण वाटेवरून चालताना एवढे लक्षात ठेवावे की तांबडी माती सैल झाली की पहिल्याच पावसात ती उताराने निघते, आणि या बाजूचे उतार तलावाकडे जातात. उघडी पडलेली मुळे ही वाहून गेलेल्या मातीची खूण आहे. वळण वाचवण्यासाठी झाडांमधून आडवी पायवाट पाडली की तिथे पुढच्या वर्षी ओघळ तयार होतो. मुख्य रस्त्यावर मातीचे पेव्हर ब्लॉक बसवण्यावरून गावात बरेच वाद झाले. त्या वादात कोणाची बाजू काहीही असो, माती वाहून जाते ही तक्रार खरी आहे.

निवांत वाटसरू

दगडराव, तुमचा प्रतिसाद वाचून मला माझ्या पहिल्या लेखातली एक उणीव भरून काढावीशी वाटते. तलावात उतरू नये, पोहू नये, हे मी स्पष्ट लिहायला हवे होते. येथे बुडून माणसे गेली आहेत. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याचा काठ काही ठिकाणी एकदम खोल आहे. आणि ते गावाचे पिण्याचे पाणी आहे, हे कारणही मला तितकेच महत्त्वाचे वाटते. एकदा माझ्या शेजारी बसलेल्या एका कुटुंबाने जेवण झाल्यावर डबे काठावर साबणाने धुवायला घेतले. मी जाऊन एवढेच सांगितले की हे पाणी इथल्या नळाला जाते. त्यांना ते ठाऊकच नव्हते. त्यांनी लगेच डबे पुसून पिशवीत ठेवले आणि वर माझे आभार मानले. त्यानंतर मी दर खेपेला, संकोच न करता, शांतपणे सांगतो.

पाऊसवेडी

मी जुलैत गेले होते. पावसाळ्यातला तलाव ज्यांनी पाहिला नाही त्यांनी तो अर्धाच पाहिला असे मला वाटते. बांधावरून पाणी सांडून दरीकडे निघालेले असते, धुके इतके उतरते की मंदिराचा कळस दिसेनासा होतो, आणि मग धुक्याच्या आतून शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येते. हा पक्षी जवळजवळ माणसासारखी शीळ घालतो. मी दोनदा मागे वळून कोण आहे ते पाहिले.

आता चुकीबद्दल लिहिते, म्हणजे कोणी ती पुन्हा करणार नाही. फोटोसाठी मी बांधाजवळच्या शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवला आणि हातावर पडले. मनगटाचे हाड मोडले. मोटार नाही, पाऊस चालू, आणि दस्तुरी पाच किलोमीटर दूर. गावातल्या दोन मुलांनी ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधून दिला आणि बाजारापर्यंत सोबत केली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी खोल खाचांचे तळ असलेले बूट घालावेत, जांभ्याच्या ओल्या दगडावर अजिबात चढू नये, छत्रीऐवजी अंगभर रेनकोट घ्यावा म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. या काळात बरीच हॉटेले बंद असतात, म्हणून खाण्याची सोय बरोबर न्यावी.

कल्याणची आई

दोन मुलांना, वय सहा आणि नऊ, घेऊन आम्ही जानेवारीत जाऊन आलो, त्याबद्दल थोडक्यात. मुलांनी दस्तुरीपासून तलावापर्यंत एकदाही कडेवर घ्या म्हटले नाही. वेळ मात्र मोठ्यांच्या दुप्पट लागला, कारण प्रत्येक मुळाखाली काहीतरी बघायचे होते. माकडांची मात्र काळजी घ्यावी लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज आला की ती झाडावरून उतरतात. बिस्किटांचा पुडा हातात धरून चालायचे नाही, सगळे खाणे बंद पाठपिशवीत ठेवायचे, आणि कितीही गोड दिसली तरी त्यांना काही घालायचे नाही. पाण्याच्या बाटल्या घरून स्टीलच्या न्याव्यात. स्वच्छतागृहाची सोय बाजारातच उरकून घ्यावी. मुलांचे पांढरे मोजे तांबड्या मातीने असे रंगले की तीन धुण्यांनंतरही तसेच आहेत, तेव्हा जुने कपडे घालून जावे.

निवांत वाटसरू

ताई, फार उपयोगाची माहिती दिलीत. मोजे आणि पाठपिशवी या दोन्ही गोष्टी माझ्या लेखात यायला हव्या होत्या.

माथेरान आणि परिसर २००३ पासून केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. इथे पन्नास पावलांवर हॉर्न वाजत नाही, मूल वाटेच्या मधोमध बसून मुंग्या पाहू शकते, ही सोय आपल्याकडे दुसऱ्या कोणत्या गावात उरली आहे? तलावापर्यंत पोहोचण्याआधीच माणूस शांत झालेला असतो, त्यामागे वाहनबंदीचा वाटा फार मोठा आहे.

ठाणेकर

गेल्या बुधवारी वडिलांना घेऊन जाऊन आलो. येथे ज्यांनी ज्यांनी लिहिले त्या सर्वांचे मनापासून आभार.

अमन लॉजहून शटल मिळाली. बाजारातून तलावापर्यंत आम्हाला पन्नास मिनिटे लागली. मध्ये एकदा एका आडव्या वाढलेल्या जांभळाच्या मुळावर बसलो. वडिलांनी चाळीस वर्षे पाणीपुरवठ्याचे काम केले आहे, त्यामुळे काठावर पोहोचल्यावर त्यांनी मंदिराला नमस्कार केला आणि लगेच बांधाकडे मोर्चा वळवला. कडेच्या दगडावर पाण्याची जुनी रेघ होती. पावसाळ्यात पाणी कुठवर होते आणि आता किती उतरले, हे त्यांनी मला काठीच्या टोकाने दाखवले. मग मंदिराजवळच्या एका गावकऱ्यांशी त्यांच्या उल्हास नदी, पंप आणि उन्हाळ्यातल्या टंचाईवर अर्धा तास गप्पा झाल्या. मी मध्ये पडलो नाही. घरी गुडघ्याशिवाय दुसरा विषय नसतो. त्या अर्ध्या तासात गुडघ्याचे नावही निघाले नाही.

परतीच्या चढाला आम्ही तीन वेळा थांबलो, दोनदा नव्हे, एवढी दुरुस्ती कराविशी वाटते. शटलच्या तिकिटासाठी पाऊण तास आधी रांगेत उभे राहावे लागले. वयस्कर माणसांसाठी स्थानकावर बसायला बाके आहेत, मी रांगेत असताना वडील तिथे बसले होते. करवंदी ताईंचा प्रतिसाद मी त्यांना गाडीत वाचून दाखवला. अंजनी नेमकी कोणत्या आठवड्यात फुलते ते ताईंना विचारून ठेव, असा त्यांचा निरोप आहे.

करवंदी

काकांना माझा नमस्कार सांगा. नेमका आठवडा दरवर्षी मागेपुढे होतो. मी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात जाते तेव्हा बहुतेक वेळा कळ्या फुगलेल्या तरी सापडतातच. यंदा फांद्या रंगलेल्या दिसल्या की त्याच दिवशी या धाग्यावर लिहीन.